मोठी ऑर्डर, नवं मशीन आणि घाईचा ‘हो’: छोट्या कारखानदाराने ऐकावं कसं, ठरवावं कसं

भोसरी, वाळूज, अंबड, गोकुळ शिरगाव, एमआयडीसी कुठलीही घ्या. दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपचा मालक सकाळी शटर उघडल्यापासून ऐकतच असतो. एका कानाला पर्चेसवाल्याचा फोन, केबिनच्या दारात उभा सुपरवायझर, व्हॉट्सअ‍ॅपवर ट्रान्सपोर्टवाला, मध्येच बँकेचा मेसेज. कानावर सगळं पडतं, पण त्यातलं नेमकं किती डोक्यात पोचतं, हे कोणी तपासत नाही.

अशा युनिटमधल्या मालकांबरोबर बसून त्यांचे हिशेब पाहणं हे माझं रोजचं काम आहे. अंगलट आलेल्या निर्णयाची वही उघडली की बेरीज-वजाबाकी बहुतेक वेळा बरोबर निघते. घोटाळा असतो तो त्या बेरजेत घातलेल्या आकड्यात. तो आकडा कोणीतरी तोंडी सांगितलेला असतो आणि मालकाने हवा तेवढाच ऐकलेला असतो. म्हणून या लेखात ऐकणं आणि ठरवणं वेगवेगळं धरलेलं नाही.

पायऱ्या नीट कळाव्यात म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. धरा, तुमचं भोसरीत सीएनसी टर्निंगचं जॉबवर्क आहे, म्हणजे दुसऱ्याचे धातूचे भाग संगणकी मशीनवर कातून द्यायचे. चाकणच्या एका मोठ्या कंपनीचा पर्चेस मॅनेजर म्हणतो, “तुम्ही दोन मशीन टाका हो, महिन्याला दहा हजार पीस कुठे गेले नाहीत. पण संध्याकाळपर्यंत सांगा.” मशीनिंगचा दर १८ रुपये पीस. दोन मशीनना ४४ लाख लागतात, त्यातलं ३५ लाख कर्ज. कास्टिंग, म्हणजे कातायचा ओतीव भाग, कंपनीचं. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे त्या जागी घाला.

पायरी पहिली: त्याच दिवशी ‘हो’ म्हणू नका, आणि प्रश्न कागदावर उतरवा

“संध्याकाळपर्यंत सांगा” हे पर्चेसवाल्याच्या कामाचा भाग आहे. त्याला त्याच्या टेबलावरची फाइल पुढे सरकवायची असते. तुम्ही पाच वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणार आहात. त्याला नाराज न करता सांगता येतं: “साहेब, काम घ्यायची इच्छा आहे. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर देतो. तोपर्यंत मला ड्रॉइंग आणि दहा सॅम्पल कास्टिंग मिळतील का?” यात दिवस आणि वेळ नेमकी आहे, शिवाय तुम्ही कामाला लागलात हेही त्याला दिसतं. तीन-चार दिवस थांबल्याने जाणारी ऑर्डर तीन-चार महिन्यांतही जाऊ शकते, असं माझं ठाम मत आहे.

मग वहीचं कोरं पान घ्या आणि वर एकच वाक्य लिहा. “ऑर्डर घ्यावी का” हा फार ढोबळ प्रश्न झाला. “३५ लाखांचं कर्ज काढून, एकाच ग्राहकाच्या एकाच पार्टसाठी दोन मशीन घ्यावीत का?” हा खरा प्रश्न. असा लिहिला की ‘एकाच ग्राहकाच्या एकाच पार्टसाठी’ हे शब्द आपोआप टोचायला लागतात.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट टिपा. निर्णय चुकला तर मागे फिरता येईल का आणि किती पैशांत? नवा कूलंट वापरून पाहणं, नवा टेम्पोवाला लावणं असल्या निर्णयांत आठवडा घालवू नका. ठरवा, करा, नाही जमलं तर बदला. मशीन, कर्ज, जागा आणि भागीदार या चार गोष्टींत मागे फिरणं महाग पडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या चारांसाठी आहेत.

पायरी दुसरी: ग्राहकाचं बोलणं ऐकायला जा, दर सांगायला नको

फोनवर हे होत नाही. चाकणला जाऊन समोर बसा. शक्य असेल तर बरोबर एक माणूस न्या, म्हणजे एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त लिहायचं. फोन सायलेंटवर टेबलावर ठेवू नका, बॅगेत ठेवा. स्क्रीन उजळली की नजर तिकडे जाते आणि समोरच्याचं नेमकं महत्त्वाचं वाक्य निसटतं.

आपल्याकडे पर्चेसच्या माणसासमोर बसलं की मालक आपल्या मशीनची, क्वालिटीची, जुन्या ग्राहकांची यादी सांगत सुटतो. ती यादी त्याने आधीच पाहिलेली असते, नाहीतर त्याने बोलावलंच नसतं. तुम्ही सहा प्रश्न घेऊन जा आणि प्रत्येक प्रश्नानंतर गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागला तरी मधे पर्याय सुचवू नका. आपण “म्हणजे साधारण नऊ-दहा हजार ना?” असं म्हटलं की तो “हां, तेवढंच” म्हणून मोकळा होतो. मग तो आकडा त्याचा राहत नाही, तुमचा होतो.

विचारायचं ते असं. हा पार्ट सध्या कोण करतंय आणि त्याच्याकडून का काढताय? गेल्या बारा महिन्यांत शेड्यूल (महिन्याची मागणी) सगळ्यात खाली कुठल्या महिन्यात गेलं आणि किती? हातात पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आकड्यासह मिळणार की आकडा नसलेली ओपन पीओ आणि दर महिन्याला शेड्यूल? शेड्यूल बदलायचं झालं तर किती दिवस आधी कळवता? कास्टिंगचा दोष आणि मशीनिंगचा दोष वेगळा मोजणार का, आणि डेबिट नोट (आपल्या पैशांतून कापायच्या रकमेची) नुसत्या मशीनिंगची येणार की कास्टिंगच्या किमतीचीही? पैसे किती दिवसांत, आणि ते दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की जीआरएनच्या, म्हणजे त्यांच्याकडे माल मिळाल्याची नोंद होते त्या?

पहिल्या प्रश्नावर विशेष लक्ष द्या. “तो व्हेंडर वेळेत देत नाही” असं उत्तर आलं तर पुढे विचारा, “कशामुळे देत नाही?” कधी उत्तर येतं की त्याच्याकडे माणसं नाहीत. कधी थोडा वेळ थांबून येतं की “बोअरचं, पार्टमधल्या भोकाचं, रिजेक्शन फार होतं त्याच्याकडे.” ही माहिती फुकट मिळाली आणि तिची किंमत पुढे हिशेबात कळेल.

आवाजाकडेही लक्ष ठेवा. जो माणूस दराबद्दल ठामपणे बोलतो तोच शेड्यूलच्या प्रश्नावर “बघू, होऊन जाईल” म्हणाला, तर वहीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह करा. त्याच्या मनात खोट आहे असा याचा अर्थ नाही. बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं, कारण शेड्यूल त्याच्या हातात नसून प्लॅनिंगवाल्यांच्या हातात असतं. मग प्लॅनिंगच्या माणसाशी पाच मिनिटं बोलायला मिळतील का, हे तिथल्या तिथे विचारा.

पायरी तिसरी: ऐकलेलं परत म्हणून दाखवा, मग लेखी पाठवा

विमानाचा पायलट टॉवरकडून आलेली सूचना परत म्हणून दाखवतो, ती शिस्त फार मोठी किंमत मोजून पक्की झाली. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यातल्या केएलएम या डच विमान कंपनीच्या कॅप्टनला टॉवरने उड्डाणाची परवानगी दिलेली नव्हती, पण ती मिळाली असं धरून त्याने विमान पळवलं. कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने दुसरं विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालं नाही का, अशी शंका विचारली होती. कंपनीतल्या अत्यंत ज्येष्ठ पायलटपुढे ती टिकली नाही. त्यानंतर जगभर टॉवर आणि पायलट यांच्यातली भाषा काटेकोर केली गेली, आणि ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देतानाच वापरायचा असं ठरलं.

तुमच्या बैठकीत हे दोन मिनिटांचं काम आहे. उठण्याआधी म्हणा, “साहेब, मला काय समजलं ते एकदा सांगतो, चुकलं तर थांबवा.” मग आपल्या शब्दांत सगळं सांगा. माणूस तिथेच दुरुस्ती करतो: “दहा हजार म्हणजे पीकला हं, एरवी सात-आठ धरा.” हे वाक्य याआधीच्या अर्ध्या तासात कधीच आलं नसतं.

त्याच संध्याकाळी मेल करा. सोपी भाषा चालते: “आजच्या चर्चेप्रमाणे मासिक शेड्यूल ७,००० ते १०,००० पीस, बदल १५ दिवस आधी कळवणार, कास्टिंगमधील दोषाचे पीस वेगळे मोजणार, पैसे जीआरएनपासून ६० दिवसांत. यात काही फरक असल्यास कृपया कळवावे.” उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी फोन करा. एवढ्या साध्या मेलला उत्तर द्यायचं कोणी टाळत असेल, तर ते टाळणंही ऐकण्यातच धरा.

पायरी चौथी: मशीनवरच्या माणसाला मशीनपाशी जाऊन ऐका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मालकापर्यंत वाईट बातमी सगळ्यात शेवटी पोचते. ऑपरेटरला माहीत असतं, मशीन लावून देणाऱ्या सेटरला माहीत असतं, तपासणीच्या टेबलावरच्या मुलीला माहीत असतं. कोणी लपवत नाही, विचारलंच जात नाही एवढंच.

जुन्या ऑपरेटरला केबिनमध्ये बोलावून “मामा, हा जॉब होईल ना?” असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: “होईल साहेब.” पगार देणाऱ्याला दुसरं काय सांगणार? म्हणून आलेल्या दहा कास्टिंगपैकी दोन-तीन मशीनवर लावू द्या आणि पीस हातात असतानाच विचारा. प्रश्नही बदला: “मामा, हा जॉब रोज ४०० चालवायचा झाला, तर पहिला त्रास कुठे होईल?” आता ‘होईल’ म्हणून सुटता येत नाही, आणि त्रास होणार हे तुम्हीच गृहीत धरल्याने सांगणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

मग खरं उत्तर येतं. मामा पीस उजेडात धरतात, बोअरमध्ये बोट फिरवतात. “साहेब, कास्टिंगमध्ये हार्ड स्पॉट आहेत, मधेच कडक जागा लागते. इन्सर्टची, कातणाऱ्या टूलची, कड लवकर जाणार. कड झिजली की बोअर कमी यायला लागतो, मग ऑफसेट देत, मशीनमधलं माप सरकवत बसावं लागतं. दिवसा मी देईन. रात्रपाळीला नवीन पोरगा असतो, तो आधी बघत नाही आणि मग घाबरून एकदम जास्त देतो. लहान बोअर परत काढता येतो, मोठा झालेला भंगारातच जातो.”

यात तीन गोष्टी सांगितल्या गेल्या: टूलचा खर्च दरात धरलेल्यापेक्षा जास्त येणार, रिजेक्शन रात्रपाळीत होणार, आणि माप तपासायचं गेज ठराविक पीसनंतर लावायची सक्ती हवी. या क्षणी तुमच्या तोंडून “मग काय, कामच घ्यायचं नाही का?” असं निघालं तर मामा पुन्हा कधी काही सांगणार नाहीत. तिथे तोडगाही काढू नका. “आणखी काय?” एवढंच विचारा, आणि हे दोनदा विचारा. महत्त्वाचं बरंचसं दुसऱ्या ‘आणखी काय’नंतर येतं.

आज आपल्या शॉपफ्लोअरवर बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातली मुलं आहेत. मालक मराठीत सुपरवायझरशी बोलतो, सुपरवायझर हिंदीत मुलांशी, आणि परतीच्या वाटेवर तक्रार गाळली जाते. सुपरवायझरला बाजूला ठेवून त्या मुलांशी थेट बोला, मोडक्या हिंदीत का होईना. रात्रपाळीच्या मुलाला रात्रपाळीतच जाऊन भेटा. दहा वाजता डबा खाताना तो जे सांगतो ते दुपारी केबिनमध्ये उभं राहून सांगणार नाही.

मामांचं म्हणणं तपासण्यासाठी उरलेले पीस घड्याळ लावून चालवा. ड्रॉइंग पाहून काढलेला सायकल टाइम (एका पीसला मशीनवर लागणारा वेळ) आणि लोडिंग, सफाई, मोजमाप धरून लागलेला वेळ यांत फरक असतो. समजा सगळं धरून ४ मिनिटं आली. १०,००० पीसना ६६७ तास लागतील. पाळीत कामाचे ७ तास आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर दोन मशीन दोन पाळ्यांत ७०० तास देतात. इन्सर्ट बदलणं, सेटिंग, वीज जाणं, गैरहजेरी या सगळ्यासाठी महिन्याभरात उरले ३३ तास. म्हणजे दहा हजार ही तुमची कमाल आहे. हिशेबात तो नेहमीचा आकडा म्हणून धरता येणार नाही.

पायरी पाचवी: ऐकलेलं प्रत्येक वाक्य रुपयांत मांडा

गुरुवारच्या सुट्टीत, शॉप बंद असताना हे करा. ऑपरेटर, वीज, इन्सर्ट, पॅकिंग आणि टेम्पो मिळून पीसमागे ९ रुपये खर्च धरू. म्हणजे पीसमागे ९ रुपये हातात राहतात. ३५ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता साधारण ७५,२०० रुपये.

दहा हजार पीस गेले तर ९०,००० हातात, हप्ता वजा जाता १४,८०० उरतात. नुसता हप्ता भरायलाच दर महिन्याला सुमारे ८,३५६ पीस जावे लागतात. आता पर्चेसवाल्याचं ते “एरवी सात-आठ धरा” इथे घाला. सात हजारांवर ६३,००० मिळतात आणि दर महिन्याला १२,२०० रुपये घरातून घालावे लागतात.

मग मामांचं वाक्य घाला. दहा हजारांवर ३ टक्के, म्हणजे ३०० पीस बाद झाले. त्यांचा मशीनिंगचा दर गेला, ५,४०० रुपये. कास्टिंग ६० रुपयांचं असेल आणि डेबिट आलं तर आणखी १८,०००. एकूण २३,४००. जे १४,८०० उरणार होते त्याच्या जागी ८,६०० रुपयांची तूट आली. तेही महिनाभर दोन्ही मशीन पूर्ण भरून चालल्यावर. रिजेक्शन १ टक्क्यावर रोखलं तर नुकसान ७,८०० आणि हातात ७,००० उरतात.

म्हणजे हे काम तारणार की बुडवणार, हे दोन वाक्यांवर ठरतं: चाकणमधलं एक, मशीनपाशी ऐकलेलं दुसरं. म्हणून वहीत प्रत्येक आकड्यासमोर तो कोणी, कधी सांगितला ते लिहा. ज्या आकड्यासमोर नाव येत नाही तो तुमच्या मनातला आहे. त्याला गोल करा आणि विचारून या.

पायरी सहावी: नफा दिसला तरी पैसे कधी येतात ते पाहा

जीआरएनपासून ६० दिवस म्हटलं की पहिल्या महिन्यात पाठवलेल्या मालाचे पैसे पूर्ण यायला तिसरा महिना संपतो. तोपर्यंत दर महिन्याला खर्चाचे ९०,००० आणि हप्त्याचे ७५,२०० जातच असतात. तीन महिन्यांचे ४,९५,६०० रुपये. जीएसटी वेगळा, महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, ग्राहकाने पैसे दिलेले असोत किंवा नसोत. सीसी लिमिटमध्ये, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटच्या मर्यादेत, एवढी जागा नसेल तर नफ्याचं काम हातात असूनही पगार अडकतो.

सीएकडे जाताना “कर्ज बसेल का?” हा प्रश्न घेऊन जाऊ नका, त्याचं उत्तर ‘हो’ येईलही. “माझा सगळ्यात वाईट महिना धरला तर हप्ता कुठल्या पैशातून जाईल?” हे विचारा आणि त्याने कागदावर मांडेपर्यंत थांबा. बँकेकडे हप्ता सुरू व्हायला काही महिन्यांची सवलत मागा. मशीन बसून उत्पादन स्थिर व्हायला वेळ लागतो हे बँकेलाही कळतं.

तो ६० दिवसांचा आकडा निमूटपणे मान्य करण्याचंही कारण नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात मुदत ठरवून दिली आहे: लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. शिवाय २०२४-२५ या आकारणी वर्षापासून आयकरात आलेल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)), मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यासाठी तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) हवी आणि तिचा क्रमांक बिलावर टाकलेला बरा.

व्याजाची नोटीस पाठवली की पुढचं शेड्यूल येत नाही, ही भीती खरी आहे. म्हणूनच हा विषय वाद झाल्यावर काढण्यापेक्षा पीओ निघण्याआधी काढावा: “साहेब, आमची उद्यम नोंदणी आहे, तर टर्म्समध्ये ४५ दिवस टाकू या.” कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर तिला ट्रेड्स प्लॅटफॉर्मवर नोंदणी बंधनकारक आहे. तिथे ग्राहकाने बिल मान्य केलं की बँका ते बिल घेऊन तुम्हाला आधी पैसे देतात. ती सोय तुमच्या बिलांना मिळेल का, हेही त्याच बैठकीत विचारा.

पायरी सातवी: विरोधात बोलणाऱ्याला आधी बोलू द्या

चॅलेंजर यानाचा अपघात बहुतेकांना माहीत आहे. त्यात एका व्हेंडरची बैठक होती, हे मात्र आपल्यासारख्यांनी मुद्दाम समजून घ्यावं. यानाची बूस्टर रॉकेट मॉर्टन थायोकॉल ही कंपनी नासाला बनवून देत होती. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं की थंडीत जोडांमधली रबरी ओ-रिंग वेळेत बसत नाही. तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उडवू नका. नासाच्या अधिकाऱ्यांना हे रुचलं नाही. कंपनीने आपसांत बोलायला पाच मिनिटं मागितली, लागला जवळजवळ अर्धा तास. त्या वेळात एका वरिष्ठाने इंजिनिअरिंग प्रमुखाला इंजिनिअरची टोपी काढून मॅनेजमेंटची टोपी घालायला सांगितलं. निर्णय चार वरिष्ठांनी घेतला, इंजिनिअरांचं मत धरलं नाही, आणि ‘उडवा’ असं कळवलं. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. मोठ्या ग्राहकाला सोयीचं व्हावं म्हणून आपल्याच इंजिनिअरांच्या मताविरुद्ध कंपनीने भूमिका बदलली, असं चौकशी आयोगाने नोंदवलं.

त्या अर्ध्या तासात प्रश्नच उलटला होता. “उडवणं सुरक्षित आहे हे दाखवा” याऐवजी “उडवणं धोक्याचं आहे हे सिद्ध करा” असं झालं. आपल्याकडेही मालकाच्या मनाने मशीन घ्यायचं ठरवलं की तो सुपरवायझरला विचारतो, “का नाही जमणार ते सांग.” बिचारा काय सिद्ध करणार? प्रश्न नेहमी असा ठेवा: “जमेल हे आपण कशावरून म्हणतोय?”

यावर गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली एक पद्धत छोट्या युनिटला फार उपयोगी पडते. चार-पाच जणांना बसवा: सुपरवायझर, मामा, तपासणीची मुलगी, हिशेब पाहणारी व्यक्ती. अनेक युनिटमध्ये बिलं आणि वसुली मालकाची पत्नी बघते. कोण पैसे वेळेवर देतं आणि कोण फोन उचलत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं, तरी मशीनच्या चर्चेत तिला बोलावलं जात नाही. तिला बोलवाच. मग सांगा, “दोन वर्षं झाली, दोन्ही मशीन आपण विकून टाकली, हे काम फसलं. कशामुळे फसलं ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहा.” दहा मिनिटं द्या. चिठ्ठ्या वाचताना सगळ्यात नव्या माणसाची आधी वाचा, मालकाची शेवटी. काम फसलंच आहे असं धरल्यामुळे बोलणारा अपशकुनी ठरत नाही.

वडील आणि भाऊ धंद्यात असतील तर ही चिठ्ठी जास्तच महत्त्वाची. वडिलांसमोर तोंडी विरोध करायला चाळिशीतला मुलगाही कचरतो.

पायरी आठवी: ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधलेही पर्याय मांडा

एव्हाना पानावर बरंच जमलेलं असतं आणि तिसरा रस्ता दिसायला लागतो. एकच मशीन घेऊन ५,००० पीसची हमी द्यायची: हप्ता निम्मा, ३७,६००, आणि ४,१७८ पीसवर तो सुटतो. पहिले तीन महिने शेजारच्या युनिटमध्ये रिकामी असलेली मशीन भाड्याने चालवून शेड्यूल खरंच किती निघतं ते पाहायचं. दर १८ ऐवजी २० मागून कारण म्हणून हार्ड स्पॉटचे पीस टेबलावर ठेवायचे. किमान ८,५०० पीस लेखी मिळाले तरच दुसरं मशीन, असं कळवायचं.

मला यातला भाड्याच्या मशीनचा पर्याय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. नफा नगण्य मिळेल, पण तीन महिन्यांत ग्राहकाचं शेड्यूल, तुमचं रिजेक्शन आणि त्यांचे पैसे यायची तारीख, या तिन्हींवर तोंडी शब्दाऐवजी प्रत्यक्ष आकडा हातात येतो.

जे ठरेल ते शुक्रवारी बाराच्या आत लेखी कळवा. ‘नाही’ असेल तर कारणासह कळवा आणि कुठल्या अटीवर ‘हो’ होईल तेही लिहा. पर्चेसवाले नकार विसरतात, पण गुळमुळीत उत्तर देऊन दोन आठवडे टांगून ठेवणारा व्हेंडर त्यांच्या लक्षात राहतो.

पायरी नववी: थांबायची खूण आधी लिहा

काम सुरू झालं की मन त्याच्या बाजूने बोलायला लागतं. म्हणून मशीनचा अ‍ॅडव्हान्स देण्याआधीच वहीत लिहा: सलग दोन महिने शेड्यूल ७,५०० च्या खाली गेलं, किंवा तिसऱ्या महिन्यानंतरही रिजेक्शन २ टक्क्यांच्या वर राहिलं, किंवा एखादं पेमेंट ७५ दिवसांवर गेलं, तर ग्राहकाशी दर आणि शेड्यूलची बैठक लावायची आणि त्याच आठवड्यात मशीनला दुसरं काम शोधायला सुरुवात करायची. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण ते आज ठरवा.

१९८५ मध्ये इंटेल ही अमेरिकन कंपनी मेमरी चिपच्या धंद्यात जपानी कंपन्यांपुढे मार खात होती, आणि तो तर त्यांचा मूळ धंदा. तिचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी कंपनीचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं की आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल. मूर म्हणाले, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असं ग्रोव्ह म्हणाले आणि कंपनी प्रोसेसरकडे वळली. वर्षानुवर्षं तोट्यात ओढत असलेल्या एखाद्या जुन्या पार्टबद्दल हाच प्रश्न स्वतःला विचारा: हे युनिट आज कोणी नव्याने चालवायला घेतलं, तर तो हा पार्ट ठेवेल का?

वहीच्या त्याच पानाच्या तळाशी तीन ओळींची जागा सोडा: आज काय ठरवलं, कोणाच्या कुठल्या वाक्यावर भिस्त ठेवली, सहा महिन्यांनी काय दिसायला हवं. ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी पान उघडून प्रत्येक वाक्यापुढे खरं निघालं की नाही ते लिहा. अशी आठ-दहा पानं झाली की कोणाच्या आकड्यात किती वाढ-घट धरायची ते कळायला लागतं. अमुक पर्चेसवाल्याचे दहा हजार म्हणजे सात हजार, आणि मामांनी सांगितलेला त्रास जवळजवळ तसाच येतो. पुढच्या ऑर्डरच्या वेळी पायरी दुसरी आणि चौथीला जाताना हीच वही बरोबर न्या.